निशाणं खाली ठेवली

ठाणे, ७ मार्च १९५४
कोलशेतला प्रौढांच्या वर्गाला गेलो, तर शिकायला कोणी बसेना. काळुरामने जुन्या छत्रीचं कापड फाडून काळी निशाणं केलीत. पुढच्या रविवारी आमदार शाळेच्या उद्घाटनाला येणार — त्यांना दाखवायची. खाडीचा बांध फुटून गावची विहीर खारी झालीय. गोडं पाणी देतो म्हणून यांनी मतं नेली, मग फिरकले नाहीत. राग खरा आहे. तरी मी म्हटलं, "दारी आलेल्याचा अपमान नको. सभेत पाण्याचं मीच बोलतो." काळुराम ऐकेना. शेवटी त्याची आई ठमाबाई म्हणाली, "मास्तर बोलतील. ठेव रं ती खाली."

१४ मार्च
बोललो नाही.
स्वागताचं भाषण मात्र झकास झालं. आता पाण्यावर यायचं, तोच आमदारांनी घड्याळ पाहिलं — आणि मी आवरतं घेतलं. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखी माणसं हवीत." मला बरं वाटलं. काळुराम समोरच उभा होता.

२१ मार्च
वर्गाला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. नवऱ्याचं खोटं सगुणाला कळतं.

११ एप्रिल
काळुरामची बायको रतन लांबून गोडं पाणी आणताना बांधावरून घसरली. सहावा महिना होता. मूल गेलं.
सगुणाला घेऊन भेटायला गेलो. रतन भिंतीकडे तोंड करून पडलेली. काळुराम उठून बाहेर गेला. वाटलं, ठमाबाई शिव्या देईल. तिने गोड्या पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "उन्हातून आलाव. प्या." नको म्हणवेना. प्यालो.
लोक पुढाऱ्यांना शिव्या घालतात, मीही घालतो. पण त्या दिवशी आमदारांनी नुसतं घड्याळ पाहिलं. गप्प मी बसलो.

१८ एप्रिल
आमदारांच्या बंगल्यावर गेलो. दुपारपर्यंत व्हरांड्यात बसवलं. मग कारकून म्हणाला, "साहेब मुंबईला गेले."

२ मे
आमदारांचाच माणूस आज घरी आला. लोकल बोर्डाच्या निवडणुकीला पक्षातर्फे उभे राहा म्हणाला. "कोलशेत, बाळकुम — तिकडे तुमचा शब्द चालतो."
मी हो म्हटलं. आत गेलो तर विहिरीचं काहीतरी करता येईल — असं मनाशी म्हणतोय.
तो गेल्यावर सगुणा कपबश्या उचलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठमाबाईला तुम्ही सांगणार, की मी सांगू?"