पत्राखालचा निरोप

८ फेब्रुवारी १८६४

पोचले एकदाची! चॅटनूगाहून जॉर्जियातल्या या मळ्यावर यायला अकरा दिवस लागले, शेवटचे बारा मैल खेचरांच्या गाडीत. आमच्या घराचा यांकींनी, उत्तरेच्या फौजेने, दवाखाना केला, पण मावशीच्या दारात पाऊल टाकलं आणि जीव भांड्यात पडला. सोफ्रोनियामावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिने मला चाचपूनच सांगितलं की मी वाळले आहे. जेवायला मक्याची भाकरी आणि भाजलेल्या रताळ्याची कॉफी होती. मांस धुरवायच्या खोलीतली माती उकळून मीठ काढतात. तरी मी दोनदा वाढून घेतलं.

माझं काम सोपं आहे. मावशीचा एकुलता एक ल्यूशस व्हर्जिनियात लढतो आहे. त्याची पत्रं वाचायची आणि उत्तरं लिहायची. कोरा कागद कुठेच मिळत नाही, म्हणून ही रोजनिशी भिंतीच्या कागदाच्या पाठीवर लिहिते आहे. पुढच्या बाजूला गुलाब आहेत, आणि मला ते आवडतात.

२१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी ओसरीवर सगळ्यांसमोर पहिलं पत्र वाचलं. 'गुलाम' हा शब्द मावशीला खपत नाही. 'आपली माणसं' म्हणायचं. आपल्या माणसांतली तिघं नाताळात पळून यांकींना मिळाली, तो भाग वेगळा.

पत्राखाली दोन ओळी आपल्या माणसांच्या असतात. ल्यूशसची उठबस करायला ईशम गेला आहे आणि त्याची बायको विनी इथे मागावर बसते. 'ईशमचा विनीला नमस्कार, तब्येत ठीक' एवढंच होतं. तेवढ्यासाठी ती दाराशी तासभर उभी होती. याच दाराने परत येईन, असं तो सांगून गेला आहे, म्हणून ती पळाली नाही. अख्खं घर तिच्या कापडावर चाललं आहे. मावशी कापड देऊन पीठ आणते.

६ मार्च

ल्यूशसचं पत्र आधी एकटीने वाचलं ते बरं झालं. ईशम जानेवारीत छातीच्या दुखण्याने गेला. 'रुळांच्या कडेला पुरला. विनीने विणलेला त्याचा कोट मीच घालतो, उबदार आहे. दुसरा कुणीतरी पाठव.'

मावशीला सांगितलं. तिच्या हातातला मोजा क्षणभरही थांबला नाही. "ईशम खुशाल आहे, असं वाच," ती म्हणाली. "तिला कळलं तर उद्या माग ओस पडेल. मग खाशील काय, गुलाब?"

वाचलं. विनी हसली. मला लाज वाटली, पण जेवण घशाखाली गेलं.

३ एप्रिल

खोटं बोलावं पण रेटून बोलावं. आता माझा हात बसला आहे. नुसता नमस्कार फिका वाटायला लागला, म्हणून आज भर घातली: कोटाची डाव्या खांद्याची शिवण उसवली आणि ईशमने ती घोड्याच्या केसाने शिवली.

विनी हळूच म्हणाली, की ती शिवण तिने मुद्दाम कच्ची ठेवली होती, शिवताना आपली आठवण यावी म्हणून. हे तिने कुणालाही सांगितलेलं नाही.

योगायोग असेल. जेवणानंतर मावशीने माझ्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं.

१७ एप्रिल

मी 'तब्येत ठीक' म्हणायला तोंड उघडलं. निघालं ते असं: "थंडी फार आहे, विनी. कोट मालकाने घेतला."

आवाज माझाच होता. मावशीने हातातल्या पंख्याने माझ्या बोटांवर फटका मारला. म्हणाली, पोरीला ताप आहे, भलतंच वाचते. विनीने माझ्याकडे पाहिलं आणि मागावर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत धोट्याचा आवाज आला नाही.

२४ एप्रिल

आज पत्रच नव्हतं. मावशीने जुनंच हातात दिलं. मी ओठ दाताखाली घट्ट धरले होते. रक्त आलं, तरी बोललेच.

"दाराकडे बघत बसू नकोस, विनी. मी त्या दाराने येणार नाही. मी जानेवारीतच गेलो. या दोघींना ठाऊक आहे."

मावशी म्हणाली, "पुढे वाच."

२५ एप्रिल

विनी गेली. भर दुपारी, गाठोडं डोक्यावर घेऊन, सरळ हमरस्त्याने. अडवायला होतं कोण? अर्धवट कापड तिने मागावरून कापून नेलं.

मी फाटकापर्यंत धावले. तुझ्याबरोबर ईशमलाही ने, असं म्हणाले. मी विनवत होते. ती थांबली.

"माझा निरोप मला पोचला, मिस मीलिया. आता तो जे बोलेल ते तुमच्या माणसांसाठी."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

२२ मे

कॅप्टनचं पत्र आलं. ल्यूशस गेला. पोटात गोळी लागून दोन दिवस दोन्ही फौजांच्या मधल्या शेतात पडला होता, पाणी मागत. कुणाला पोचता आलं नाही.

मावशीला सांगायचं धैर्य होईना. 'ल्यूशस खुशाल' असं वाचलं. तिचीच शिकवण.

आणि त्याच दमात: "बाईसाहेब, छोटे मालक इथे आलेत. सवयीने मलाच पाणी मागताहेत. मी दिलेलं नाही."

मावशी पांढरी पडली. मग ताठ बसली आणि मला सांगायला लागली: "लिही. ईशम, ताबडतोब पाणी दे."

मेलेल्या माणसाला हुकूम. मी लिहिला.

२९ मे

तहान. सकाळपासून विहिरीवर आहे. प्यायलेलं घशाला लागतच नाही. ल्यूशसची तहान माझ्या—

उत्तर माझ्याच हाताने आलं. 'देतो, बाईसाहेब. आधी सगळ्यांसमोर एकदा म्हणा: ईशम मेला, आणि मी ते लपवलं.'

मी म्हटलं. ओसरीवर उभी राहून, तीनदा. तो म्हणतो, तुमचं नको, बाईसाहेबांचं.

२ जून

जीभ सुजली आहे. बोलता येत नाही, फक्त तो बोलतो. मावशीचे गुडघे धरले. पाटीवर लिहून उपयोग नाही, तिला दिसत नाही— तिचा हात घेऊन माझ्या ओठांवर ठेवला. चिरा लागल्या तिच्या बोटांना. तिला कळलं. कळलंच.

एक वाक्य, मावशी. एकच.

५ जून, रविवार

ओसरीवर कुणी उरलेलं नाही, बाकीचेही विनीमागून निघून गेले. आम्ही दोघीच. मावशीने पत्र म्हणून भिंतीचा कागद माझ्या हातात दिला. 'ल्यूशस खुशाल आहे, आई' एवढं कसंबसं— मग तो. तेच मागणं. शांतपणे, टोपी हातात धरून बोलावं तसं.

मावशीने मोजा खाली ठेवला. वाटलं, आता म्हणेल.

"ल्यूशसचं झालं ना वाचून?" ती म्हणाली. "मग पुरे. खालच्या ओळी आपण कधीच ऐकत नाही."

तिने पुन्हा मोजा घेतला. घसा पार— विहिरीपर्यंत जायला— ईशम, मी तरी तुझं ऐकते आहे, मला तरी थोडं पा