तारा मिळालेला लेख

प्रिय टिल्ल्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. डोक्यावरचे केस मागे सरकले तरी माझ्यासाठी तू टिल्ल्याच, आणि रुसून बसायची खोडही तुझी तीच. पण या वेळी तू रुसलेला नाहीस, घाबरलेला आहेस, हे मला कळतं. घाबरलेली मीही आहे. दुकानात चष्म्याचा नंबर काढताना समोरचा माणूस तक्त्यावरची अक्षरं वाचत असतो आणि मला मधेच पाण्यात कुणीतरी पडल्याचा आवाज येतो.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. आपल्या जुन्या खाणीच्या पाण्यात जो मुलगा गेला, त्याचे वडील. पहिल्यांदा आले ते चष्म्याची दांडी मोडली म्हणून. आता काम नसतानाही येतात, खुर्चीत बसतात, काचा पुसून मागतात. परवा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यावर खाणीचा विकिपीडियावरचा लेख होता. "ताई, कोपऱ्यात हा तारा कशाचा?" मी म्हटलं, लेख नीट तपासला की देतात. "म्हणजे यातलं सगळं बरोबर असतं ना?" त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पोहायला निघताना मुलाने त्यांना हाच लेख दाखवला होता, पाणी खोल आहे, तारासुद्धा आहे, काळजी करू नका म्हणून. लेख मी सुरू केला आणि ताऱ्यासाठी तू झटलास, हे त्यांना ठाऊक नाही. मी काचा पुसत राहिले.

तुम्ही विकीवाले लेखांना जे दर्जे देता, त्यांवरून मी तुझी किती टर उडवली आहे! 'ब' दर्जा, 'क' दर्जा. लेखामागच्या चर्चापानावर तुम्हीच लावता आणि तुम्हीच वाचता, वाचणारा कशाला तिथे फिरकतोय? तू चिडून म्हणायचास, तारा तरी दिसतो ना लोकांना. दिसला रे. तुमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की लिहिलेल्याला छापील आधार आहे. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, कुणीतरी स्वतः पाण्यात उतरून बघून आलंय.

आणि आपण उतरलो होतोच की. उत्तरेच्या कड्याखाली हातभर पाण्यात तो दगडी कट्टा, वरून अजिबात न दिसणारा. बाबा काठावरून ओरडायचे आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास. एकदा उडी मारलीसच, आणि घरी येईपर्यंत नडगीला बांधलेली माझी ओढणी रक्ताने भिजली. म्हणून तर 'उत्तरेच्या कड्यावरून उडी मारू नये, खाली पाण्यात कट्टा आहे' हे वाक्य मी लेखात घातलं होतं. ताऱ्यासाठी लेख तपासणाऱ्यांनी आधार मागितला आणि तू ते काढलंस. नियमाने बरोबरच होतं. तुझ्या नडगीवरचा व्रण संदर्भ म्हणून कसा जोडणार? मी कुरकुरले तेव्हा म्हणालास, "ताई, आधार मिळाला की परत घालू."

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तू विकीवर लिहिणंच सोडलंस, जेवणाखाण्यातही लक्ष नाही, असं वहिनी सांगते. अंघोळीला बसलास की तो व्रण तुला दिसत असेल. मी वाक्य परत घालून पाहिलं. कुणीतरी ते अगदी सभ्यपणे काढून टाकलं, आधार नाही म्हणून. तारा तसाच आहे.

तर आता ऐक. परवाच्या वर्तमानपत्रात बचाव पथकाच्या प्रमुखांचं म्हणणं आलं आहे. उत्तरेचा कडा, पाण्याखालचा कट्टा, मुलगा त्यावरच आदळला, सगळं स्पष्ट छापलंय. टिल्ल्या, आधार मिळाला. खाणीवर पाटी लागेल तेव्हा लागेल, पण सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत, मुलं येणारच. वाक्य आजच परत घाल, अगदी वर, पहिल्या परिच्छेदात. मग तारा राहो की जावो. मीच घालणार होते, पण संदर्भात बातमीचा मथळा द्यावा लागतो आणि मथळ्यात त्या मुलाचं नाव आहे. तिथे माझा हात थांबतो. तू मात्र ते नाव पूर्ण लिही.

तुझीच,
ताई