न्यूबॉर्नचं माप

ती. ताईस,

तुझ्या भावाचा, गुडघे वाकू देतील तितका वाकून, नमस्कार. उरलेला मनातल्या मनात पूर्ण केला आहे, तो धरून घ्यावा. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला सगळं फार स्पष्ट दिसायला लागलंय आणि त्यामुळे घरातले सगळे टरकून आहेत, असं भाचा फोनवर सांगत होता. ऐकून आनंद झाला. पाठ कशी आहे? नको म्हटलं तरी जिना चढतेस का अजून? चढतच असशील. रक्तदाबाची गोळी वेळेवर घे, आणि घेतली की नाही हे आठवत नसेल तर परत घेऊ नकोस.

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "सगळं ठीक आहे ना?" असं विचारतेस, आणि मी तोंड उघडायच्या आत "ठीकच असणार" असं उत्तरही देऊन टाकतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. (मनात बोलशील, ते मला इथे ऐकू येईलच, पण मी लिहीत राहीन.)

तर तुझं पार्सल पोचलं. मऊसूत झबली, त्याच रंगाची टोपडी, बोटभर मोजे, आणि पाकिटावर सोनेरी अक्षरांत छापलेला शब्द: न्यूबॉर्न. आमची गोगी (शाळेला रोज उशीर करते म्हणून गोगलगाय हे नाव तूच ठेवलंस; आता ती स्वतः आई झाली तरी खऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही) जन्मात कुठे वेळेवर पोचली नाही, आणि तिची लेक मात्र इतकी आधी आली की आम्हाला दार उघडायलाही सवड मिळाली नाही. फोनवर मी तुला "जरा लवकर झाली" म्हणालो होतो. ताई, जरा नव्हे, बरीच लवकर झाली. काचेच्या पेटीत ठेवली आहे, नाकाला नळी, पायाला वायर. डॉक्टर म्हणतात, धोका टळला, आता फक्त वाढायचं. हे "फक्त" डॉक्टर मंडळी फार सहज म्हणतात. तुला तेव्हा खरं सांगितलं नाही, कारण तू मिळेल ती गाडी पकडून आली असतीस आणि तुझ्या डोळ्याला पट्टी होती.

गेल्या आठवड्यात तिथल्या मोठ्या सिस्टर (नर्सला इथे सगळे सिस्टर म्हणतात, तू मनाला लावून घेऊ नकोस, सख्खी तूच) म्हणाल्या, आता हिला अंगात काहीतरी घालून बघू. आम्ही हरखलो. गोगीनं तू पाठवलेल्यांतलं सगळ्यात लहान झबलं काढलं, सिस्टरनी ते हलक्या हातानं चढवलं, आणि मूल दिसेनासं झालं. गळ्यातून खांदा बाहेर, बाह्यांत दोन्ही हात हरवलेले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो प्रकार. सिस्टर हसल्या. मीही हसलो, कारण कोणीतरी हसायला हवं होतं. गोगी हसली नाही. पाकीट हातात घेऊन म्हणाली, "बाबा, यावर न्यूबॉर्न लिहिलंय. आणि माझी त्यातही बसत नाही. मग ती जन्मली असं तरी म्हणायचं का?" आणि भिंतीकडे तोंड करून जी बसली, ती संध्याकाळपर्यंत जेवली नाही, बोलली नाही, पेटीकडे फिरकली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आईपणाचा राजीनामा लिहून खिशात ठेवल्यासारखी पोरगी बसून होती, आणि मला पेटीतल्या मुलीपेक्षा पेटीबाहेरच्या मुलीची धास्ती वाटायला लागली. (तुझी चूक नाही. तू प्रेमानं पाठवलंस. दुकानाची पावती असेल तर मात्र जपून ठेव.)

मी ठरवलं, या शब्दाचा छडा लावायचा. जावईबापू इंग्रजीचे मास्तर, म्हणून आधी त्यांना गाठलं. ते बिचारे दवाखान्याच्या बाकावर परीक्षेचे पेपर मांडीवर घेऊन बसले होते आणि जो दिसेल त्याला पैकीच्या पैकी मार्क देत सुटले होते. (वर्गात म्हणे आनंदीआनंद आहे.) त्यांनी सांगितलं, न्यू म्हणजे नवा आणि बॉर्न म्हणजे जन्मलेला. इतपत मलाही ठाऊक होतं. म्हटलं, पण नवा किती दिवस? नवा सदरा पहिल्या धुण्यापर्यंत नवा. नवा जावई पहिल्या मुक्कामापर्यंत. (हे त्यांच्या तोंडावर बोलायला नको होतं.) मूल कुठवर? ते म्हणाले, शब्दकोशात तसं काही दिलेलं नाही. मग बराच वेळ त्यांनी मला समजावलं, की इंग्रजीत कोणी आपण होऊन जन्माला येत नाही, जन्माला घातलं जातं, भाषेची ठेवणच तशी आहे. मी म्हटलं, आमची तर आपण होऊनच आली, आईला विचारलं नाही, डॉक्टरला विचारलं नाही, तिला इंग्रजी लागू पडत नाही. त्यावर ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले आणि लगेच डोळे पुसायला लागले, म्हणून मी तिथून उठलो.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पहिला महिनाभर न्यूबॉर्न. म्हटलं, महिना कुठून मोजायचा, आली तिथून की यायला हवी होती तिथून? त्या म्हणाल्या, "आजोबा, आम्ही दोन्ही मोजतो." दुकानवाल्यांना महिन्याशी देणंघेणं नाही, ते वजन बघतात, तुझ्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत किलो छापलेत आणि त्या किलोंपासून आम्ही दूर आहोत. दवाखान्यासमोर एक फोटोग्राफर आहे, त्याच्या काचेवरही हाच शब्द. तो म्हणाला, मूल झोपाळू असतंय तोवर आणा, एकदा डोळे उघडून इकडंतिकडं बघायला लागलं की ते न्यूबॉर्न राहत नाही, पोज देत नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तर बायकांच्या तोंडाला लावायची एक क्रीम आहे, न्यूबॉर्नसारखी त्वचा होईल अशी हमी देणारी. तुझी भावजय ती घ्यायला निघाली होती. मी नुकताच पेटीत डोकावून आलो होतो, तिथली त्वचा लालबुंद, सुरकुतलेली, थेट आपल्या आजोबांसारखी. म्हटलं, राहू दे, तुझी आहे तीच बरी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडून इतकं कौतुक तिनं ऐकलं नव्हतं. ती दिवसभर खूश होती.

म्हणजे बघ, ज्याचं त्याचं न्यूबॉर्न वेगळं आणि आमच्या पोरीला कोणीच आत घ्यायला तयार नाही. आपल्याकडे तान्हं म्हटलं की काम भागतं. तान्ह्याला कोणी वजन विचारत नाही. पण गोगीला हे पटवायला गेलो तर तिनं नुसतं पाकिटाकडे बोट दाखवलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की अरे, मी जन्मभर शिंप्याचं काम केलं, दुकानाला पाटी आहे, घरात दोन मशिनी आहेत, आणि मी छापील पाकिटाशी वाद घालत काय बसलोय?

इथे घोळ झाला तो माझ्या पद्धतीचा. तुला ठाऊकच आहे, मी पोराचं कापड बेततो ते वाढत्या अंगाचं. पुढच्या वर्षीचं पोर डोळ्यासमोर आणायचं आणि त्याला बसेल असं कापायचं. भाच्याला शाळेसाठी शिवलेली पँट त्याला कॉलेजात कशी चपखल बसली होती, ते आठव. (शाळेत असताना ती दोन्ही हातांनी धरून पळावं लागायचं, हे तो अजून काढतो. काढू दे.) तुझी भावजय म्हणते, या घरात कोणाला आजचे कपडे कधी मिळालेच नाहीत. तर तिनं न विचारता माझा सगळ्यात लाडका, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला सदरा पुढ्यात टाकला आणि मी बसलो. सिस्टरकडून मापाचा अंदाज आणला होता. मान खाली घालून शिवलं, उचलून पाहिलं, तर तुझ्या झबल्यापेक्षा मोठं! उसवलं, परत शिवलं. तरी तीन बोटं जास्त. भावजय म्हणाली, "अहो, पोरीला थंडी आज वाजतेय. पुढच्या वर्षीची पुढच्या वर्षी बघा की!"

मी चिडलो, कात्री आपटली, तिला काही बोललो नाही. तुला सांगतो. नेमक्या मापावर खडूची रेघ मारली की हात थांबायचा. वाटायचं, वाढायला जागाच ठेवली नाही तर ही वाढायची नाही. खुळेपणा आहे, मला कळतं. पण हाताला कळत नव्हतं, आणि कितीही समजावलं तरी तो रेघेच्या बाहेरूनच कापायचा.

शेवटी मंगळवारी सिस्टरच म्हणाल्या, तुम्हीच येऊन माप घ्या. मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, टोपी चढवली, माझी टेप कसल्याशा औषधात बुडवून पुसून दिली. गोगीला त्यांनी मुद्दाम पेटीजवळ उभं केलं, टेपचं दुसरं टोक धरायला. ताई, तिची छाती माझ्या मनगटाएवढी आहे. मी टेप फिरवली आणि रोजच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "श्वास रोखू नका, नेहमीसारखा घ्या. हां, मोकळा." गिऱ्हाइकाला म्हणतो तसं, अहो-जाहो करून. आणि पेटीतल्या बाईंनी खरोखरच छाती भरून श्वास घेतला आणि इतकी मोठी जांभई दिली, की गोगी फिस्सकन हसली. हसता हसता रडली, रडता रडता तिनं टेपवरचा आकडा मोठ्यानं वाचला, आणि तो मी टिपून घेतला. त्या आकड्यावर मी एक दोराही वाढवला नाही.

कपड्याची तऱ्हा काय सांगू! सिस्टरचा हुकूम, की शिवणी बाहेरून हव्यात, आत टोचतात. बटण नाही, नाड्या. बाजूनं वायरला वाट. जन्म शिवण लपवण्यात गेला आणि नातीचा पहिला कपडा उलटा शिवला. कोणी दुकानात पाहिला असता तर धंदा बसला असता. पण अंगात घातला आणि ताई, बसला! खांदा खांद्यावर, बाही मनगटावर, आणि मधे एक पूर्ण, व्यवस्थित, रागीट चेहऱ्याची मुलगी. जावईबापूंनी विचारलं, हे कुठलं माप म्हणायचं? म्हटलं, मंगळवारचं. गोगीनं वाकून चारी बाजूंनी पाहिलं, नाडी सोडली, बांधली आणि म्हणाली, "बाबा, काखेत जरा कमी पडतंय का हो? तिला काचेल ना." गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तेव्हापासून ती पेटीपासून हलत नाही आणि सिस्टरनासुद्धा सूचना देते. त्या वैतागल्या आहेत. सगळं छान चाललंय.

तेव्हा काळजीचं कारण नाही, आणि तू यायची तर अजिबात गरज नाही. प्रवास लांबचा, डोळा नुकता झालेला, आणि पेटीजवळ तशीही दोघांपेक्षा जास्त माणसं उभी करत नाहीत. आम्ही सगळे खंबीर आहोत. मी तर विशेष. भाच्याला आशीर्वाद, सूनबाईंना सांग की जिन्याच्या दाराला कडी लावून ठेवा.

तुझा भाऊ

ता. क. शेजारच्या पेट्यांतूनही मागणी आली आहे. आता सगळ्यांची मापं मीच घेतो. फार चांगली गिऱ्हाइकं आहेत, एकही माप देताना पोट आत ओढत नाही.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, ते बरं झालं. आज सकाळी सिस्टरनी सांगितलं, की नाड्या एकमेकींना पोचत नाहीत. कपडा आटला असेल म्हणून मी टेप लावून पाहिली. कपडा तेवढाच आहे. ताई, मंगळवार तिला पुरेना झालाय! गोगीनं तो सगळ्या वॉर्डाला दाखवला. मी "बाहेर जाऊन येतो" म्हटलं आणि जिन्यात उभा राहिलो.

ता. क. तिसरा, आणि हा भावजयीला वाचून दाखवू नकोस. वर "येऊ नकोस" लिहिलंय ते खोडत नाही, पान खराब दिसेल. पण ये. इथे गोगीला मी धीर देतो, जावयाला मी धीर देतो, भावजयीला आम्ही दोघं एकमेकांना देतो असं वाटतं, पण देतो मीच. दवाखान्यात मला सगळे आजोबा म्हणतात. रडू आलं की मशीनवर बसतो आणि जोरात पायडल मारतो, आवाजात खपून जातं. त्यामुळे घरात पिशव्या फार शिवून झाल्या आहेत. इथे माझ्याहून मोठं कोणी नाही गं. तू आलीस की मला थोडा वेळ धाकटा होता येईल.