करू भात

समता कॉलनी, रायपूर
१४ जुलै २००२

प्रिय अनू,

आशीर्वाद. शालिग्रामजींना नमस्कार. तुझ्या सासूबाईंना मी पाया पडते म्हणून सांग. धमतरीला पाऊस किती, रोपणी झाली का, बाबा विचारतात. त्यांचा गुडघा अजून धरलेला आहे. तुझा दादा सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. राजधानी झाल्यापासून त्याच्या ऑफिसचा पत्ता सारखा बदलतो. टेबलं उचलायला मलाच बोलावतात, असं तो म्हणतो.

फोनवर तू ‘हो, ठीक’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र लिहिते. आज फक्त आईंच्या स्वयंपाकाबद्दल लिहिणार आहे.

शेजारच्या घरात देवकी वर्मा म्हणून राहायला आल्या आहेत. मूळच्या बिलासपूरच्या. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांनी पहिल्याच आठवड्यात भिंतीवरून वाटीभर फरा दिला, तांदळाच्या पिठाची वाफवलेली लांबट मुटकी. आईंनी वाटी घेतली, हसल्या, आणि फरा गाईला घातला. पण वाटी रिकामी परत करायची नाही, ही तर आपलीच रीत. मग त्यांनी पुरणपोळी पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी आली. ती बाबांनी खाल्ली आणि आणखी मिळेल म्हणून दुपारभर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. तिसरी वाटी आईंनी स्वतः चाखली. त्यानंतर गाईला काही मिळालेलं नाही.

आपलं घर भोसल्यांच्या काळापासून या गावात आहे, पण या गावाची भाजी आपल्या चुलीवर कधी चढली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, इथलं असं काही जेवण नसेलच. आता आमच्याकडे रोज काहीतरी नवीन शिजतं. चेंच नावाची पालेभाजी, धिरड्यासारखा चीला, ताकातला भोपळा. आई एकदा विचारतात, एकदा पाहतात, आणि मग करतात. करताना चाखत नाहीत, हे तुला माहीत आहे. देवाला दाखवल्याशिवाय जिभेवर काही ठेवायचं नाही. ओळखीच्या पदार्थाला ते चालतं, मीठ त्यांना वासावरून कळतं. पण जन्मात न खाल्लेला पदार्थ न चाखता करायचा, म्हणजे डोळे बांधून नदीत उतरायचं. त्या उतरतात. साठी उलटल्यावर. मला फार नवल वाटतं त्यांचं.

बुडतातही. इडहर नावाचा पदार्थ आहे. तुला सांगायला नको, तू रोज खात असशील. अळूच्या पानांना वाटलेली उडदाची डाळ लावायची, गुंडाळी वाफवायची, कापायची आणि आंबट कढीत सोडायची. आईंचा हात ऐकेना. पान दिसलं की हात बेसन, चिंच, गूळ घेतो. देवकीताईंनी घास घेतला आणि थांबल्या.

“बने हे काकी. फेर गुड़ काबर डारे हव?”

“गुळाशिवाय अळू? घसा खाजवते नं!”

“दही हे न काकी. नइ खजुवाय.”

आईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाबा म्हणाले, “आता माझ्याच अंगावर पानं फुटतील.”

गेल्या रविवारी दादाचे साहेब सपत्नीक जेवायला होते. भोपाळहून आलेत. दादा म्हणाला, पनीर कर, नान मी बाहेरून आणतो.

“पनीर त्याले रोजच भेटते,” आई म्हणाल्या. “इथं आला आहे तर इथलं खाऊ दे.”

“आई, इथलं मतलब? अपन तो मराठी हैं ना.”

“मग मी काय काल उतरली का गाडीतून?”

इडहर, दुबराज तांदळाचा भात, चेंच भाजी, आणि शेवटी आपलं श्रीखंड. साहेबांनी कढी तीनदा घेतली. बाईंनी कृती विचारली तेव्हा आईंनी भिंतीपलीकडून देवकीताईंना हाक मारून आणलं आणि म्हणाल्या, “ह्या माझ्या मास्तरीणबाई.” देवकीताई पदराला हात पुसत उभ्या. आपल्या घरात मी असं कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना आई म्हणाल्या, “अनूकडे हे रोजच होत असन, नाही?” मी हो म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, “यावं तिनं. घर तिचंच आहे. यायले काय पत्रिका लागते का?”

लग्न झाल्यापासून तू या घरात आलेली नाहीस. का, ते मी विचारत नाही. भिंतीला लागून मी अळू लावला आहे, पानं हाताएवढी झाली आहेत.

तुझी,
पूर्णिमा वहिनी


समता कॉलनी, रायपूर
१८ ऑगस्ट २००२

प्रिय अनू,

माझं पत्र मिळालं असेल. उत्तर नाही, तरी लिहिते. सगळ्यांची प्रकृती बरी. बाबा आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात.

आईंनी बेसनाची तिखटमिठाची ठेठरी आणि गूळ-कणकेची खुरमी जमवली. खुरमी आधी इतकी कडक झाली की दादा म्हणाला, मकान बन जाएगा इससे. आईंनी त्याच्या हातातली ओढून घेतली आणि स्वतः चावून दाखवली. दाढ दोन दिवस दुखत होती, पण कबूल केलं नाही.

आता काल झालेलं लिहिते. ते लिहिण्यासाठीच बसले आहे.

देवकीताईंनी सांगितलं होतं की तीजाच्या आदल्या संध्याकाळी इथे करू भात खातात. कारल्याची भाजी आणि भात. मग दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास. आईंना हे आवडलं. आपली हरतालिकाही त्याच दिवशी, उपासही तोच. म्हणाल्या, यंदा आपणही करू, पण आधी एकदा करून पाहते.

त्यांनी कारली चिरली, मीठ लावून ठेवली, पिळून पाणी काढलं, खरपूस परतली, चिंच घातली, गूळ घातला, दाण्याचं कूट घातलं. अनू, ती भाजी तुला आठवत असेल. तुझ्या डब्यात असली की मैत्रिणी कारलं ओळखायच्या नाहीत, असं तूच मला सांगितलं होतंस. देवाला दाखवली, मग देवकीताईंना बोलावलं. मनात धाकधूक नव्हती. ही त्यांची हुकमी भाजी.

देवकीताईंनी खाल्लं. मग हसायलाच लागल्या.

“काकी, करू तो निकाल देव! करू माने कडवा. करू नइ हे, त करू भात कइसे होही?”

आईही हसल्या. “मी काय, मले तर जन्मभर कडू काढायचंच शिकवलं.”

सगळं छान चाललं होतं. हात धुता धुता देवकीताईंनी सहज विचारलं, “बेटी ल लाने बर ए बखत कोन जाही? भैया जाही?” लेकीला आणायला यंदा कोण जाणार.

आई म्हणाल्या, “जायचं कशाले? घर तिचंच आहे. येईल तिची ती.”

देवकीताईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांनी हळूहळू सांगितलं, हिंदीत, म्हणजे आम्हाला नीट कळावं म्हणून. पोळा झाला की माहेरहून माणूस येतो. बाप, भाऊ, भाचा, कोणीही. तो न्यायला आल्याशिवाय लेक तीजाला निघत नाही. कितीही जवळ असली तरी नाही. निघाली तर सासर म्हणतं, हिला बोलावणारं कोणी नाही म्हणून स्वतःच चालली. आणि कोणीच आलं नाही, तर गल्ली समजते की माहेर तुटलं.

“आप लोग नहीं गए क्या, काकी? दो साल?”

देवकीताई गेल्या. आई कारल्याच्या भाजीसमोर पाटावर बसून राहिल्या. मग टोपलीतलं एक कच्चं कारलं घेतलं, चकती कापली आणि तोंडात टाकली. देवाला न दाखवता. सावकाश चावली. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

मग मला म्हणाल्या, “पूर्णिमा, अनूच्या लग्नाच्या दिवशी एकादशी नव्हती वं.”

मला ते माहीत होतं. सगळ्या मांडवाला माहीत होतं. तुझ्या सासूबाईंनी स्वतः येऊन पान वाढलं, आणि आई म्हणाल्या, माझी एकादशी आहे. ते भरलेलं पान तसंच उचललं गेलं. तू तेव्हा आमच्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. त्यावर या घरात आजवर कोणी बोललं नाही. कालही आई एवढंच बोलल्या.

आम्हाला वाटत होतं, तू त्या पानावरून रागावली आहेस आणि येत नाहीस. आई वाट पाहत होत्या की राग उतरेल आणि येशील. तू दारात वाट पाहत होतीस का, अनू? कोणी न्यायला येईल म्हणून? एका ओळीत लिही. चिडून लिहिलंस तरी चालेल.

पूर्णिमा


रायपूर
७ सप्टेंबर २००२, सकाळी

प्रिय अनू,

हे पत्र टपालानं येत नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांना त्यात काय आहे ते माहीत नाही. त्यांना आत बसव आणि मग वाच.

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते आईंना वाचून दाखवलं. आधी तुला विचारावं का, असं क्षणभर वाटलं, पण ते माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. तू लिहिलंस: ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या पाऱ्यातल्या, गल्लीतल्या सगळ्या सुना जातात. कोणाचा भाऊ सायकलवर येतो, कोणाचे वडील गाडीनं. मी दोन्ही वर्षं पिशवी भरली होती. संध्याकाळ झाली की सासूबाई दारातूनच शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायच्या, रइपुर के छोटी गाड़ी लेट होगे होही. तीजा होऊन गेला तरी त्या तेच म्हणत होत्या.’

आईंनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढला.

“दोन वर्षं त्या बाईनं माझी लाज झाकली,” म्हणाल्या. “आणि मी तिच्या हातचं पान उठवलं.”

त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही. मी केला. जेवताना म्हणाल्या, “पोळा झाला की मी जाते.”

बाबा म्हणाले, “बाया जात नसतात न्यायले. देवकीले विचार.”

“विचारलं. नाही जात.”

“मग? भाऊ म्हणून निरंजन जाईल.”

“निरंजन रीतीसाठी जाईल. माझं काम निरंजनच्यानं होत नाही.”

दादा म्हणाला, “आई, छोटी लाइन में धक्के बहुत हैं. तुझी कंबर...” त्या म्हणाल्या, “तू नुसता पिशवी धर.” तो आजपर्यंत तुझा विषय निघाला की उठून जायचा. काल मात्र बाजारातून तुझ्यासाठी साडी घेऊन आला. हिरवी, जरीचा काठ फार मोठा. तुला आवडणार नाही. नेस.

देवकीताईंनी काल दिवसभर रजा घेतली आणि आमच्या स्वयंपाकघरात बसल्या. दोघींनी मिळून ठेठरी, खुरमी केली. आईंनी प्रत्येक घाण्यातली एक मोडून खाऊन पाहिली, कढईशेजारी उभ्या राहून. मी देवघराकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “विहिणीकडे न चाखता न्यायचं काय?” म्हणाल्या. देवाची अडचण त्यांनी अशी मिटवली.

तुला हसू येईल, पण मला या बाईचा हेवा वाटतो. मी पुस्तकं वाचली. माणसं बदलतात हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले. पण बदलताना ती कशी दिसतात, हे मला पाहायला मिळालं ते या ओट्याशी. आधी गूळ सुटला, मग मीठ लावून पिळणं सुटलं. बाकीचं आज सुटेल असं वाटतं. खात्री नाही. त्या घाबरलेल्या आहेत. पहाटेपासून तीनदा पदर नीट केला.

वाचून झालं की आधी तुझ्या सासूबाईंकडे जा. आई आल्या म्हणून त्या गोंधळतील, पाट मांडतील, पुऱ्या तळायला घेतील. तसं काही करू देऊ नकोस. तू यायला तयार नसलीस, तर तेही आल्या आल्या सांगू नकोस. जेवणं झाल्यावर सांग. यायचं की नाही ते तू ठरव. मी आग्रह करत नाही, आणि आईही करणार नाहीत, तसं मला कबूल केलं आहे.

एकच सांगायचं आहे. सकाळी मी पोहे केले होते. आईंनी ताटली सरकवली. मी म्हटलं, गाडीला उशीर झाला तर दुपार होईल, थोडं तरी खाऊन घ्या. म्हणाल्या, “नको. भरल्या पोटानं गेली, तर तिथं पुन्हा नको म्हणायले जागा राहते.”

त्या उपाशी आल्या आहेत, अनू. घरात जे शिजलं असेल ते वाढ. तुझ्या सासूबाईंच्या हातानं.

वाट पाहणारी,
पूर्णिमा