सहा फिल्मा आणि माझी इस्त्री

चि. भाचीस,

मावशीचे अनेक आशीर्वाद (राग आला म्हणून ते रोखून धरण्याइतकी मी हलकी नाही).

मंगळवार, चौदा मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलाशी उभी राहून तू मला "मावशी, तुला अक्कल आहे का गं?" असं विचारलंस. तुझी प्रकृती उत्तम असणार. छातीत दम किती आहे ते त्या आवाजावरून कळलंच. माझा रक्तदाब तेव्हापासून चढलेला आहे.

माझा गुन्हा पुन्हा लिहिते, कारण तुझ्या आईला फोनवर तू तो तिखटमीठ लावून सांगितलास. टेबलावरच्या फाइलीत पारदर्शक प्लास्टिकच्या सहा पातळ फिल्मा होत्या. चुरगळलेल्या. मी तीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं. त्याआधी दहा वर्षं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांच्या धाकात काढली. तिथे फ्रॉकला एक चुणी दिसली की वर्गाबाहेर. (अजून बसमध्ये अनोळखी माणसाची कॉलर दुमडलेली दिसली की माझा हात शिवशिवतो.) तेव्हा मी त्या फिल्मा कागदाच्या घडीत ठेवून हलक्या इस्त्रीने सरळ केल्या. कुणाचा खून नाही केला.

तुझ्या प्रबंधासाठी दुसऱ्या सहा फिल्मा भट्टीत तापवायच्या, या सहा तशाच ठेवायच्या, आणि दोन्हींतून वीज किती झिरपते (जितकी कमी तितकं बरं) ते ताडून पाहायचं, हे दोन वर्षांत मला एकदा तरी सांगितलंस? विचारलं की "जाऊ दे गं, तुला नाही कळायचं." काल वाचनालयात बसून मीच वाचलं. उष्णतेने आतली ओल निघून जाते, रेणूंच्या अस्ताव्यस्त साखळ्या रांगेत बसतात, विजेला वाट उरत नाही. एवढंच ना? आमच्या सिस्टरांनी साठ मुली रांगेत बसवल्या होत्या. (भट्टीशिवाय.)

बॅग भरून वसतिगृहात गेलीस, तेही मी गिळलं. पण परवा तुझा निरोप आला. त्यात माफी नाही, 'कशी आहेस' नाही. इस्त्रीच्या फिल्मांतून वीज भट्टीतल्यांपेक्षाही कमी झिरपते म्हणे, तुझे सर खुर्चीतून उठले म्हणे, आणि खाली एकच ओळ: "इस्त्री कितीवर होती?" गरज सरो वैद्य मरो हे ऐकलं होतं, इथे वैद्याला आधी शिव्या घालून मग औषध विचारतात!

तुझी,
मावशी

ता. क. इस्त्रीवरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत. मी पाण्याचा थेंब टाकते आणि चर्रर्र ऐकून ओळखते. ते प्रबंधात कसं लिहायचं ते तुझ्या सरांना विचार.

ता. क. आणखी एक. नव्या फिल्मा आण, करून देईन. माफीबिफी नको. फक्त मोजताना त्या यंत्रासमोर मला खुर्ची हवी, आणि प्रत्येक आकडा नीट समजावून सांगायचा. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर यावं. (फोन उचलणार नाही.) पाच वाजून एक मिनिटाला इस्त्री मोडीत गेलेली असेल.