खडूच्या दोन रेषा

लिख्तरवेल्ड, बेल्जियम
२८ जून १९८७

चि. ओमेर यास,
अ. उ. आ.

तुझा रेमी सुखरूप पोचला. फोनवर तू ओरडतोस आणि मी ठेवून देते, म्हणून पत्रच लिहिते. पोरगा दारातून वाकून आत आला. सतराव्या वर्षीच एवढा उंच, तिकडे कॅनडात तुम्ही त्याला खाऊ तरी काय घालता? आमच्याकडे मात्र तो तांदळाच्या टार्टवर तुटून पडलाय. बोलतो आपल्या आजोबांसारखं. तू नेलेली बोली तशीच्या तशी त्याच्या तोंडात आहे. पाववालीला ती ऐकून हसू आवरेना. हे शब्द तिनं तिच्या आजीनंतर ऐकलेच नव्हते म्हणे.

पहिल्या सायकल शर्यतीत तो शेवटून मोजला तर वर होता. चिडू नकोस, इकडची पोरं दर रविवारी एकमेकांना कोपरं मारतच मोठी होतात. शिकेल.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. तू बसवून दिलेलं जड गिअरचं मागचं चाक इथे चालत नाही. इकडचा नियम विसरला असशील म्हणून सांगते. इथल्या सायकलींची तपासणी माझ्याकडे असते, म्हणून शर्यतीआधी मी कॅफेसमोर रस्त्यावर खडूनं दोन रेषा ओढते. ज्युनियर पोराची सायकल सर्वांत जड गिअरवर टाकून, पेडलचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत मागे ढकलत न्यायची. चाक दुसऱ्या रेषेपलीकडे गेलं, की गिअर त्या वयाला जड. मग सुरुवात नाही. रेमीचं चाक हातभर पलीकडे गेलं. तुझ्या दाजींनी, सिरिलनी, आपली शर्यतीची कबुतरं बाजूला ठेवून दुपारभर खटपट केली आणि त्याला नियमातलं दुसरं चाक तयार करून दिलं. तुझं चाक शेडमध्ये टांगलंय.

वहिनीला आठवण सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
गोडेलीव्ह


टिल्सनबर्ग, ओंटारिओ
९ जुलै १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रेमीला सांभाळतेस, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पण तुझ्या त्या रेषा कोकरांसाठी आहेत गं, आणि माझा पोरगा कोकरू नाही. इकडे तो जड गिअर रेटत वाऱ्याच्या तोंडावर तासन्‌तास जातो. एवढा जोर तिकडच्या किती पोरांत आहे ते बघून सांग.

आता मुद्द्याचं. मी तिकडच्या मोठ्या सायकल क्लबच्या माणसाला लिहिलं होतं. पंधरा ऑगस्टला आपल्या गावच्या जत्रेच्या शर्यतीला तो येतोय, खास रेमीला बघायला. पसंत पडला तर हिवाळाभर तिकडेच ठेवून घेतील आणि पुढच्या वर्षी मोठ्यांच्यात उतरवतील. मला तंबाखूच्या शेतात जन्म काढावा लागला. त्याला लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

शर्यतीला तुझं चाक लावा, माझी ना नाही. सरावाला मात्र माझंच लावायचं. सरावाला कुठला नियम? रेमीला तसं वेगळं लिहिलंय, तू मध्ये पडू नकोस.

सिरिलदाजींना नमस्कार. त्यांची कबुतरं घरी परततात का, की त्यांनाही तू रेषा आखून दिल्यास?

धाकटा म्हणून लोभ राहू दे,
ओमेर


लिख्तरवेल्ड
२६ जुलै १९८७

चि. ओमेर यास,
अ. उ. आ.

आधी चांगलं सांगते. रविवारी रेमी चौथा आला. हलक्या गिअरवर पाय असे भिरभिरत होते की माझ्या शेजारचे म्हातारे बिअर खाली ठेवून बघायला लागले. मलाही भरून आलं. गिअर हलका ठेवायचा तो यासाठीच. हाडं तयार होईपर्यंत पायांनी फिरायला शिकायचं, रेटायला आयुष्य पडलंय.

आता दुसरं. तुझा पोरगा जिना आडवा उतरतो. कठडा धरून, एकेक पायरी, तोंड भिंतीकडे. मी विचारलं तर म्हणाला रात्री पाय अवघडला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी तुझं ते जड चाक लावून तो कालव्याच्या रस्त्यानं जातो आणि परत आल्यावर अंगणात बसून गुडघ्यावर गार पाण्याची फडकी ठेवतो. मी दिसले की फडकं लपवतो. काल मी सरळच विचारलं, की दुखतंय का. त्यानं उलट मलाच विचारलं, बाबांना काय लिहिणार आहेस. मला रात्रभर त्याचं वाईट वाटत राहिलं.

ओमेर, तो माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. जड चाक काढून ठेव, एवढं एकच वाक्य त्याला लिही. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

सिरिल म्हणतात, कबुतरं परततात, कारण त्यांना कुणी पत्रं लिहीत नाही.

रागावलास तरी आपली म्हण,
ताई


टिल्सनबर्ग
४ ऑगस्ट १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पानांची तोडणी सुरू आहे, कंबर मोडलीय, म्हणून चार ओळीच. चौथा आला, वाचून छाती फुगली. गुडघ्याचं म्हणशील तर या वयात सगळ्यांचेच दुखतात. तुझ्या मायेनं तो लाडावेल. पंधरा तारखेपर्यंत कळ काढायला सांग, मग झोपू दे हवा तेवढा. क्लबच्या माणसानं येतो म्हणून पक्कं कळवलंय. आता माघार नाही.

सोबत रेमीसाठी चिठ्ठी आहे. एवढंच लिहिलंय, की त्या दिवशी मला लाज आणू नकोस.

तुझा,
ओमेर


लिख्तरवेल्ड
१६ ऑगस्ट १९८७

चि. ओमेर यास,
अ. आ.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून आजच लिहिते. काल रेमी शर्यतीत उतरला नाही. मी उतरू दिला नाही.

मिरवणूक झाली, पोरं रांगेनं सायकली घेऊन रेषेशी आली. तुझा क्लबचा माणूस कॅफेच्या दारात उभा होता. रेमीची पाळी आली. मी सायकल मागे ढकलायला लागले आणि निम्म्यातच हाताला समजलं. चाक रेषेच्या हातभर पलीकडे गेलं. ते तुझं चाक होतं.

सगळं गाव बघत होतं, ओमेर. भाचा म्हणून सोडते का, हेच बघत होतं. मी त्याला बाजूला काढलं. पण वेळ होता. मी त्याला हळूच सांगितलं, पळत घरी जा, दुसरं चाक शेडमध्ये आहे, लावून ये, तोवर मी बाकीच्यांचं सावकाश बघते. असं चुकून होतं, कुणालाही हवा तेवढा अवसर मी देते. घर चर्चच्या मागेच तर आहे. तो हो म्हणाला, सायकल घेऊन गेला, आणि चर्चच्या भिंतीला टेकून बसला. मला रेषेवरून दिसत होता. मी दोन पोरांच्या सायकली पुन्हा मोजल्या, उगाच. तो उठला नाही. शर्यत सुटली. क्लबचा माणूस मोटारीत बसून गेला.

का बसला, ते मला वाटतं समजलंय. पण ते तुला सांगायचं काम त्याचं आहे. उद्या मी त्याला डॉक्टरकडे नेतेय, तुला विचारून नाही.

तुझी ताई


टिल्सनबर्ग
२४ ऑगस्ट १९८७

सौ. गोडेलीव्ह यांस,
न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. वीस वर्षं मी इकडे सगळ्यांना सांगत आलो, की माझी बहीण म्हणजे माझी आई. आता काय सांगू? पोरगं घाबरून चाक बदलायला विसरलं. तू स्वतः जाऊन आणलं असतंस तर हात झिजले नसते. नवऱ्याला पाठवता आलं असतं. ते जमलं नाही, कारण गावासमोर तुला सोवळं मिरवायचं होतं. एका खडूच्या रेषेसाठी माझ्या पोराचा जन्म तू पुसून टाकलास.

त्याला विमानात बसवून दे. यापुढे पत्र नको.

ओमेर


लिख्तरवेल्ड
२३ ऑगस्ट १९८७

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्या म्हणाली, ती तुम्हाला काही लिहिणार नाही, मीच लिहायचं. चार कागद फाडले, हा पाचवा.

मी चाक विसरलो नव्हतो. शर्यतीच्या दिवशी पहाटे उठून मी स्वतः शेडमध्ये गेलो, चांगलं चाक काढलं आणि तुमचं लावलं. नीट घट्ट केलं. सिरिलकाकांनी बघितलं आणि ते कबुतरांना दाणे टाकायला गेले. गुडघा इतका सुजला होता, की मांडीवर दोन्ही हात रेटल्याशिवाय तो वाकत नव्हता. त्या दिवशी धावलो असतो तर शेवटपर्यंत धावलो असतो, कारण तुमची चिठ्ठी खिशात होती. पुढे पायाचं काय झालं असतं ते डॉक्टरांनी आत्याला सांगितलं. तिनं मला सगळं सांगितलं नाही.

तुम्हाला नाही म्हणायला मला जमत नाही, बाबा. कधीच जमलं नाही. आत्याला नाही म्हणता येतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी ते तिच्यावर टाकलं. गावासमोर तिला ते करावं लागेल, याचा विचार मी केला नाही. घरी आल्यावर तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः न जेवता अंगणात जाऊन उभी राहिली. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मला सायकल सोडायची नाही. हलक्या गिअरवर पाय मोकळे फिरायला लागतात, सगळा घोळका एकदम वळतो, तेव्हा मला दुसरं काही नको असतं. पण मला हळूहळू मोठं व्हायचंय. तुम्ही रागवाल. रागवा, पण आत्यावर नको.

आईला सांगा मी नीट जेवतो.

तुमचा,
रेमी


टिल्सनबर्ग
२ सप्टेंबर १९८७

चि. रेमी यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मला शेतात मिळालं. माणसं पानं तोडायची थांबून माझ्याकडे बघत होती, म्हणून पानं वाळवायच्या भट्टीमागे जाऊन वाचलं. दोनदा वाचलं. माझं आत्याला लिहिलेलं पत्र तोवर टपालात पडलं होतं, दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना चुकली. ते परत आणता येत असतं तर मी पायी गेलो असतो. तिला मी वेगळं लिहितोय. ती क्षमा करेल की नाही ते तिचं ती बघेल. पण तू आज तिच्याजवळ बसून जेव आणि तिला जेवायला लाव.

विमानाची घाई नाही. डॉक्टर म्हणतील तेव्हा ये. क्लबच्या माणसाला मी कळवलंय, की पोराला सध्या बरं नाही आणि घाई माझी होती, त्याची नव्हती. माझं चाक सिरिलकाकांना मोडीत घालायला सांग.

रात्री तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मग तिनं विचारलं, कोणता गुडघा. मला सांगता येईना. मी आत्याची सगळी पत्रं काढली, तुझीही काढली, दिव्याखाली धरून पुन्हा वाचली. कुठेच लिहिलेलं नाही. कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

डावा की उजवा, बाळा? उलट टपाली कळव. आई जागी आहे.

तुझा,
बाबा