वरच्या मजल्यावरचं उलटं बाक

३ सप्टेंबर

आज परत! वरच्या मजल्यावरचं पुढचं बाक उलटंच. मी चालवते ती ट्राम शेवटच्या थांब्यावर वळत नाही, तशीच उलटी निघते, म्हणून बाकांच्या पाठी फिरवायच्या — खटाक खटाक, कंडक्टरचं काम. माझा नवरा विल्फ माझ्याच गाडीवर कंडक्टर, तेवढं एक न फिरवता ठेवायचा आणि मागे तोंड करून बसायचा. "गेलेलं पण दिसायला नको का, एनिड?" त्याला जाऊन वर्ष होईल आता.

४ सप्टेंबर

जीनीला विचारलं. त्याच्या जागी आलेली पोरगी. चांगली आहे, पण जीभ तिखट. "मी सगळी फिरवली, मावशी. तुमचा नवराच आला असेल फुकटात!" मीही हसले. ब्रेक सोडताना मात्र एकदा जिन्याकडे बघितलं.

८ सप्टेंबर

हॉस्पिटलचा फोन. ऑपरेशनला हो की नाही, शुक्रवारपर्यंत सांगा. गाठ लहान आहे, निघेल म्हणे. कशाला काढायची? विल्फ आलाय मला न्यायला. खरं सांगू? भीती नाही वाटत. आनंदच झालाय!

दुपारी चहा घेऊन त्या बाकासमोर बसले. वर छप्पर नाही, वारा असा सुटलेला की चहा अर्धा अंगावर. "थांब हं," म्हटलं, "येतेच."

९ सप्टेंबर

जुनं आठवत बसले. घंटेचा एक टोला — थांब. दोन — चल. तीन — गाडी भरली, कुणाला घेऊ नको. आमचं भांडण झालं की विल्फ रिकाम्या गाडीत वरून तीन टोले द्यायचा. जागा नाही तुला! वात्रट कुठला.

१० सप्टेंबर

जीनी रडली. "बाक मीच ठेवत होते, मावशी. डेपोतल्यांनी विल्फकाकांचं सांगितलं होतं. तुम्ही ते बघून हसायचात... पण काल ऑपरेशन नको म्हणालात, म्हणून सांगतेय."

ओरडले तिच्यावर. प्रवाशांसमोर! मग तिच्याच रुमालाने डोळे पुसले.

म्हणजे कुणीच नव्हतं. एकदाही नाही. आता हॉस्पिटलला काही कळवायचंसुद्धा त्राण नाही.

११ सप्टेंबर

शेवटची फेरी संपवून गाडी आत घेत होते. डेपोच्या फाट्यावर जीनी सळई घेऊन रूळ बदलायला उतरली, माझ्या डोळ्यांसमोर. गाडीत चिटपाखरू नाही.

वरून घंटा. टण. टण. टण.

जीनीनेही वर पाहिलं.

बरं बाबा, नाही तर नाही जागा! उद्या सकाळी हॉस्पिटलला हो सांगते.